तुटलेला स्टड फेकून देऊ नका

वाचकांचे प्रश्न : गाडीची देखभाल

प्रश्न : माझ्या हॅचबॅकच्या मागच्या डाव्या चाकाचे स्टड (चाक ज्यांवर चढवून नट आवळतात ते बोल्ट) सारखे तुटताहेत. पहिल्यांदा पंक्चर काढायला चाक खोललं, तेव्हा एका नटाबरोबर स्टडचा तुकडाच बाहेर आला. गॅरेजमध्ये तेवढा एक बदलून दिला. पुढे काही आठवड्यांनी त्याच्या शेजारचा गेला, तोही बदलला. आता प्रवासात मागून टक-टक आवाज यायला लागला म्हणून थांबून पाहिलं, तर चारांपैकी दोन स्टड गायब! मेकॅनिक म्हणतो, हल्ली मालच हलका येतो, जास्त मजबूत स्टड घालू. टायरवाला म्हणतो, नट कमी आवळले जातात. वडील म्हणतात, नट आवळायच्या गनने जास्त आवळतात म्हणून तुटतात. खरं कोणाचं धरायचं? गाडीला अलॉय चाकं मी नंतर बसवली आहेत आणि त्याच सुमाराला मागचे दोन्ही ब्रेक ड्रमही बदलले होते. तुटलेल्या तुकड्यांचे फोटो सोबत पाठवतो आहे.

उत्तर : आधी एक गोष्ट. दोन स्टडवर उभी असलेली गाडी गॅरेजपर्यंत हळूहळू चालवतसुद्धा नेऊ नका. उरलेल्या दोघांवर आता सगळा भार आहे, आणि पहिल्यांनी जे सोसलं तेच त्यांनीही सोसलेलं आहे. गाडी उचलून न्या. सुटलेलं चाक कुठे, कुणाच्या अंगावर जाईल हे कुणाच्याच हातात नसतं. ही भीती मी उगाच घालत नाही.

तुकडे जपून ठेवलेत आणि त्यांचे जवळून फोटो काढलेत, त्याबद्दल मनापासून आभार. चाकं आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) यांच्या तक्रारी तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. अशा तक्रारीत मी पहिल्यांदा मागायचो तो तुटलेला तुकडा, आणि बहुतेक वेळा तो आधीच भंगारात गेलेला असायचा. मग नुसती मतं उरतात, तुमच्याकडे जमली आहेत तशी.

तुमच्या दुसऱ्या फोटोत स्टडचं तुटलेलं तोंड स्वच्छ दिसतं. एका कडेला, आट्याच्या तळापासून सुरू होणारा गुळगुळीत, काळपट भाग आहे. त्यावर एकाच बिंदूभोवती पसरत गेलेल्या बारीक अर्धगोल रेघा आहेत. पलीकडच्या कडेला मात्र जेमतेम पाव हिस्सा खरखरीत, दाणेदार आणि चकाकणारा आहे. स्टड एका क्षणात तुटलेला नाही, हे यावरून कळतं. भेग आट्याच्या तळाशी सुरू झाली आणि गाडी चालेल तशी आत सरकत गेली. त्या रेघा म्हणजे तिच्या वाटेतले टप्पे. काळपट भाग सर्वात जुना, तिथे हवा आणि गंज पोचलेला आहे. चकाकणारा भाग अगदी शेवटी, एका दणक्यात गेलेला.

आता त्या पाव हिश्शाकडे पुन्हा पाहा. तीन हिस्से कापले गेले तरी उरलेला एक हिस्सा तुटेपर्यंत तग धरून होता. माल हलका असता तर भेग एवढी आत जाण्याची वाट न पाहता स्टड केव्हाच गेला असता. म्हणून मेकॅनिकचं निदान मला पटत नाही.

वडील म्हणतात तसं जास्त आवळून तुटणं खरंच असतं, पण ते दिसतं वेगळं. स्टडची मान बारीक होते, आटे ताणून लांबतात, तोंडावर पिळाच्या खुणा येतात आणि तुटतो तो बहुधा पान्याखालीच. तुमच्या तुकड्यांवर यातलं काही नाही. तरी वडिलांचं म्हणणं सोडून देऊ नका. गनने एकदा मर्यादेबाहेर ओढलेला स्टड लगेच तुटला नाही, तरी लांब होऊन बसतो, मग त्याची पकड कमी होते आणि काही महिन्यांनी तो तुमच्यासारखाच थकून तुटतो. ओळखायला सोपं आहे : नवा नट उरलेल्या स्टडवर बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहा. मध्येच अडकला तर तिथले आटे ताणलेले आहेत.

चाक स्टडवर लटकलेलं असतं असा बहुतेकांचा समज असतो, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर, किंवा तुमच्या बाबतीत ड्रमच्या तोंडावर, दाबून धरतो. गाडीचा भार, ब्रेक, खड्डे हे सगळं त्या दोन सपाट तोंडांमधलं घर्षण पेलतं.

आकडे घेऊ या. एम १२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचा स्टड, कोरडे आटे आणि १०५ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळताना दिलेला पीळ) असेल, तर एका स्टडमध्ये साधारण ४४ किलोन्यूटन ताण येतो. हा साडेचार टनांच्या आसपास होतो. चार स्टड मिळून जवळपास १८ टन. त्यातून मिळणारं घर्षण धातूवर धातू असताना अडीच टनांच्या वर जातं, आणि लहान गाडीच्या एका मागच्या चाकावर भार असतो काही शे किलोंचा. म्हणजे पकड शाबूत असेल तोवर चाक हबवर केसभरही सरकत नाही आणि स्टड वाकत नाही.

पण इतका प्रचंड ताण देऊनही स्टड किती लांबतो? नट आणि हबच्या मधला त्याचा मोकळा भाग २५ मिलिमीटर धरला, तर सुमारे ०.०६ मिलिमीटर. सगळी पकड या सहा शतांशांवर उभी आहे. चाक आणि ड्रम यांच्या मधलं काहीही तीन शतांश मिलिमीटर दबलं, झिजलं किंवा चुरगळलं की निम्मी पकड गेली. आणि रंगाचा साधा थरही याहून जाड असतो.

पकड गेली की चाक हबवर किंचित सरकायला लागतं आणि प्रत्येक फेऱ्यात स्टड एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वाकतो. तार पुढेमागे वाकवून तोडतात तसंच हे. तुमच्या मापाचा टायर एका किलोमीटरला साडेपाचशेच्या आसपास फेरे घेतो. हजार किलोमीटरला साडेपाच लाख वेळा वाकणं झालं. एवढ्यात चांगल्यातलं चांगलं पोलाद थकतं, म्हणून मजबूत स्टड घालून काही दिवस वाढतील, एवढंच. शिवाय जास्त कठीण पोलादाचे स्वतःचे धोके असतात. त्याबद्दल खालच्या एका प्रश्नात लिहिलं आहे.

तेव्हा पकड कुठे हरवते, एवढंच आपल्याला शोधायचं होतं. मी या वाचकांना अंक छापायच्या आधीच निरोप पाठवला : गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा, मागची दोन्ही चाकं काढा आणि नटाचं बूड, अलॉयमधली नट बसते ती जागा, चाकाची पाठ, ड्रमचं तोंड आणि शक्य असेल तर हबच्या मागून स्टडची डोकी, यांचे फोटो पाठवा. त्यांनी चिकाटीने सगळं केलं. फोटो आले आणि गोष्ट उलगडली.

पहिली गोष्ट नटाची. त्यांच्या गाडीचे मूळ नट गोल बुडाचे आहेत. नव्या अलॉयमधली जागा मात्र ६० अंशांच्या शंकूची आहे. गोल बूड शंकूत ठेवलं तर पूर्ण अंगाने बसत नाही, एका बारीक कड्यावर टेकतं. फोटोत प्रत्येक भोकात तेवढीच एक चकाकणारी बारीक रेघ गोल फिरलेली आहे, बाकी जागेवरचा रंग जसाच्या तसा. सगळा ताण त्या रेघेवर. ॲल्युमिनियम तिथे दबत जातं आणि ते सहा शतांश संपत जातात. अलॉय बदलताना डिझाइन बघतात, रुंदी बघतात, आणि नट जुनेच लावतात. तीन प्रकारची बुडं असतात, शंकूचं, गोल आणि वॉशरसकट सपाट. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, आटे जुळत असले तरी. आणि आटेही नेहमी जुळतातच असं नाही : एम १२ मध्ये दीडचा पिच आणि सव्वाचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असे दोन्ही स्टड सर्रास असतात, आणि गन चुकीचा नटही जबरदस्तीने दोन-तीन फेरे चढवते.

दुसरी गोष्ट ड्रमची. नवा ड्रम गंजू नये म्हणून पूर्ण रंगवून आलेला होता, चाक टेकतं त्या तोंडासकट. तो तसाच बसवला गेला. अलॉयच्या पाठीवर त्या काळ्या रंगाचे पापुद्रे चिकटलेले दिसतात आणि स्टडच्या भोकांभोवती रंग बाजूला ढकलला जाऊन त्याची छोटी कड तयार झाली आहे. चाक हललं याचा याहून स्वच्छ पुरावा मला नको. पाठीवरच्या भोकांच्या कडाही लांबट झाल्या आहेत. ही चाकं एकदा नीट मोजून घ्या. भोक लंबगोल झालेलं चाक पुन्हा वापरायचं नसतं.

मग फक्त डावंच का? वाचकांनीही हे विचारलं आणि प्रश्न रास्त आहे, कारण नट आणि रंग दोन्हीकडे तेच आहेत. याचं अर्धं उत्तर त्यांनीच शोधलं. मी सांगितल्याप्रमाणे उजव्या चाकाच्या नटांना टॉर्क पाना लावला तर तीन नट ठरलेला टॉर्क यायच्या आधी जवळजवळ पाव फेरा फिरले. उजवं चाकही त्याच वाटेवर होतं, मागे होतं इतकंच. डाव्याला दोन गोष्टी जास्त नडल्या. एक म्हणजे दर वेळी तुटला तो एकच स्टड बदलला. एक तुटला तेव्हा बाकी तिघांनी त्याचा वाटा उचलला होता, त्यांच्यातही भेगा सुरू झालेल्याच असणार. नवा स्टड तीन थकलेल्यांच्या सोबत बसला. दुसरं, मागून काढलेल्या फोटोत बदललेल्या दोन्ही स्टडची डोकी हबला पूर्ण टेकलेली नाहीत, मधून उजेड दिसतो. गनने नट आवळून स्टड आत ओढून घेतला की असं होतं. तो डोक्याखालचे दात हबमध्ये रुतवत अर्ध्यात थांबतो, पान्याला घट्ट लागतो, आणि नंतर रस्त्यावर उरलेला आत सरकतो. सरकला की नट ढिला.

जाता जाता, डाव्या बाजूबद्दल आणखी थोडं. सरळ आट्यांचा (घड्याळाच्या दिशेने आवळायचा) नट डाव्या बाजूला, चाक जरा जरी हलायला लागलं, तर सुटण्याच्या दिशेने सरकू शकतो. म्हणूनच क्रायस्लरसारखी कंपनी १९६० च्या दशकातही डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे स्टड घालत असे. आज सरळ आटे दोन्हीकडे चालतात, कारण नीट बसलेलं बूड आणि पुरेशी पकड यांमुळे नट हलायचं कारणच उरत नाही. तुमच्याकडे नेमक्या या दोन्हीच गोष्टी नव्हत्या.

करायचं ते असं. डाव्या चाकाचे चारही स्टड नवे, आणि उजव्याचेही. त्यात काटकसर करू नका. गाडीच्या कंपनीने दिलेल्या मापाचे आणि दर्जाचेच घ्या, डोक्याखालच्या दातांचा व्यास तंतोतंत जुळला पाहिजे. प्रेसवर बसवले तर उत्तम. नाहीतर जाड वॉशर आणि जुना नट घालून हाताच्या पान्याने ओढा आणि डोकं पूर्ण टेकल्याचं मागून डोळ्यांनी पाहा. ओढायला वापरलेला नट नंतर फेकून द्या. अलॉयच्या शंकूला जुळणारे नवे सोळा नट घ्या, कारण पुढच्या चाकांवरही तेच चुकीचे नट आहेत. ड्रमच्या तोंडावरचा आणि चाकाच्या पाठीवरचा रंग स्क्रेपर आणि तारेच्या ब्रशने धातूपर्यंत काढा. ग्राइंडर लावू नका, तोंड वाकडं होतं. अलॉयचं मधलं भोक हबच्या गोलापेक्षा मोठं असेल तर मधे बसणारी रिंग घाला. चाक सुरुवातीला बरोबर मध्यावर बसायला ती मदत करते.

मग नट हाताने चढवा, समोरासमोरचे घेत दोन टप्प्यांत आवळा, शेवटचा टप्पा टायर जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला. लहान गाड्यांच्या एम १२ ला तो साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरमध्ये असतो, पण अंदाजाने घेऊ नका. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. नट पुन्हा फिरला, तर अजून काहीतरी दबतंय असं समजा आणि चाक परत खोला. नुसतं आवळून पुढे जाऊ नका. हे सगळं करूनही ढिलेच होत राहिले तर बेअरिंगमधला खेळ आणि हबचं तोंड डायल (बारीक हालचाल मोजणारं यंत्र) लावून तपासा. तुमच्या फोटोंवरून मला त्याची शक्यता कमी वाटते.

टायरवाल्याचं म्हणणं म्हणजे खरं तर लक्षण होतं. नट ढिले सापडत होते हे त्याने बरोबर पाहिलं.

प्रश्न : नट गंजून अडकू नयेत म्हणून मी दर वेळी स्टडच्या आट्यांना ग्रीस लावतो आणि टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यावर आवळतो. हे बरोबर आहे ना?

उत्तर : टॉर्क पाना वापरता हे फार चांगलं, पण ग्रीस लावल्यावर तो आकडा तुमचा राहत नाही. नट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच स्टड ताणायला जातो, बाकीचा नटाच्या बुडाखाली आणि आट्यांत घर्षणात खर्च होतो. पुस्तकातला आकडा कोरडे, स्वच्छ आटे धरून दिलेला असतो. ग्रीसने घर्षण कमी केलंत की तोच पाना स्टडला किती तरी जास्त ओढतो. वर ज्या एम १२ चा हिशेब केला त्यात कोरड्यावर ४४ किलोन्यूटन होते, ते ग्रीसवर, विशेषतः बुडालाही लागलं असेल तर, ६० ते ७० पर्यंत जाऊ शकतात. १०.९ दर्जाच्या (हा पोलादाच्या ताकदीचा दर्जा) त्याच स्टडची सुरक्षित मर्यादा ७३ च्या आसपास संपते. तुम्ही दर वेळी त्या कडेला उभे राहता. आटे तारेच्या ब्रशने झाडा, कापडाने पुसा, कोरडे ठेवा. गंजाची काळजी असेल तर हबच्या मधल्या गोलावर, जिथे चाकाचं मधलं भोक बसतं, तिथे अगदी पातळ हात फिरवा. चाक अडकतं ते बहुधा तिथेच. कंपनीने स्वतः तेल सांगितलं असेल तर मात्र तिचं ऐका, त्यांनी आकडाही तसाच दिलेला असतो.

प्रश्न : नवे, चकचकीत, जास्त ताकदीचे स्टड बसवले. संध्याकाळी नट बरोबर टॉर्कला आवळले, गाडी हललीच नाही, आणि सकाळी एका स्टडचं टोक नटासकट खाली पडलेलं! हे कसं शक्य आहे?

उत्तर : शक्य आहे, आणि तुटलेलं तोंड पाहिलंत तर ते सगळीकडे सारखंच दाणेदार असेल, वरच्या वाचकांसारख्या रेघा नसतील. पोलादावर विजेने मुलामा चढवताना, आणि त्याआधी आम्लात धुताना, त्यात हायड्रोजन शिरतो. साध्या पोलादाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण खूप कठीण केलेलं पोलाद ताणाखाली धरलं की तो हायड्रोजन ताणाच्या जागी गोळा होतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, कुठलाही धक्का न लागता ते तडकतं. चांगला कारखाना मुलाम्यानंतर लगेच ते भाग भट्टीत, २०० अंशांच्या आसपास, कित्येक तास तापवून हायड्रोजन बाहेर काढतो. तुमच्या स्टडचं ते झालेलं नसावं. त्याच खोक्यातले बाकीचे स्टड वरून कितीही सुंदर दिसले तरी सगळे काढा आणि परत करा, एकही गाडीवर ठेवू नका. बदली म्हणून कंपनीच्याच दर्जाचे घ्या, जास्त कठीण नकोत.

प्रश्न : चाकं बाहेर दिसावीत म्हणून १५ मिलिमीटरचे स्पेसर (चाक आणि हबच्या मधे बसणाऱ्या चकत्या) घातले. नट आता चार फेऱ्यांतच घट्ट होतात. चालेल का?

उत्तर : नाही. एम १२, पिच १.५ असेल तर नट किमान आठ पूर्ण फेरे चढला पाहिजे, म्हणजे आटे निदान स्टडच्या व्यासाएवढे धरतात. चार फेऱ्यांवर आटेच सोलून निघतील. आजच स्पेसर काढा. घालायचेच असतील तर तेवढे लांब स्टड हबमध्ये बसवून घ्या आणि स्पेसरची दोन्ही तोंडं उघड्या धातूची, सपाट आहेत याची खात्री करा.